मुलासाठी सोडलेलं जेवण: तासगाव तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

मी सांगलीत एका स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस आहारसल्ल्यासाठी बसते. हे प्रकरण तिथलंच आहे. गाव, साल आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं घेतलेली नाहीत. मी तिला ताई म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला दाजी, म्हणून इथेही तसंच म्हणते.

पार्श्वभूमी

ताई सत्तावीस वर्षांच्या, दाजी बत्तीसचे. लग्नाला चार वर्षं झालेली, त्यातली अडीच वर्षं मूल व्हावं म्हणून वाट बघण्यात गेलेली. वर्षभर नियमित संबंध येऊनही गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. इथे अडीच वर्षं गेली, कारण आधी माहेरच्या देवीची ओटी भरून झाली, मग एका काढ्याची बाटली, मग आणखी एका काढ्याची.

घरी तीन एकर द्राक्षबाग. एकत्र कुटुंब, सात माणसं. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मटण नाही. बागेत काम निघालं की गड्यांच्या भाकरीही घरातूनच जायच्या.

सप्टेंबरात डॉक्टरांनी केलेल्या तपासण्यांत असं दिसलं: पाळी ४५ ते ६० दिवसांनी, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६३ किलो, कंबर ८८ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, सत्तावीसच्या थोडा वर. भारतीयांसाठी तेवीसच्या पुढे जास्त वजन आणि पंचवीसच्या पुढे लठ्ठपणा धरतात. हिमोग्लोबिन ९.४, बी-१२ कमी, थायरॉइड ठीक, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ५.८ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफी आणि पाळीचा इतिहास मिळून निदान पीसीओएस, म्हणजे अंडाशयात बीज वेळेवर तयार होऊन सुटत नाही असा संप्रेरकांचा बिघाड.

डॉक्टरांनी लोहाची, बी-१२ ची आणि फॉलिक अॅसिडची गोळी सुरू केली, दाजींना वीर्यतपासणी सांगितली आणि ताईंना माझ्याकडे पाठवलं. बीज तयार होण्याच्या गोळ्या लगेच द्यायच्या की चार-सहा महिने आहार आणि वजनावर काम करून मग द्यायच्या, हा पहिला निर्णय त्यांचा होता. त्यांनी थांबायचं ठरवलं. वय सत्तावीस होतं म्हणून हे परवडलं. सदतीस असतं तर मीच त्यांना म्हटलं असतं की आहारासाठी उपचार अडवून ठेवू नका.

अडचण काय होती

ताई एकट्याच आत आल्या. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि दाजी खाली मोटरसायकलपाशी उभे होते. मी दोघांनाही आत बोलावलं नाही. ही माझी पहिली चूक, पण ती कळायला महिना गेला.

ताई बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, पथ्य सगळं पाळते मी. अजून काय सोडायचं तेवढं सांगा."

सोडलेल्या वस्तूंची यादी त्यांनी बोटं मोडत सांगितली. पपई, तीळ, शेंगदाणे, हुलगे, वांगं, सगळं 'गरम' म्हणून बंद. शेजारच्या काकूंनी दोन सांगितलेल्या, माहेरच्या आत्यांनी दोन, उरलेली एक मोबाईलवरच्या कुठल्याशा व्हिडिओतली. कच्च्या पपईचा चीक गरोदरपणात टाळावा यात तथ्य आहे, पण पिकल्या पपईच्या चार फोडींनी गर्भ राहायचा थांबत नाही. तीळ, शेंगदाणे, हुलगे यांचं तर उलटंच. अंडं-मटण न खाणाऱ्या घरात प्रथिनं, लोह आणि चांगली चरबी आणणारे हेच तीन जिन्नस, आणि नेमके तेच बाद झालेले.

त्यावर उपवास. सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या. हिशेब केला तर महिन्याला अकरा-बारा दिवस. एकादशी घरातली सगळीच माणसं करायची. गुरुवार आणि संकष्टी ताईंनी लग्नानंतर मुलासाठी धरलेले, आणि यंदा श्रावणापासून सोळा सोमवार. त्यातले सहा झाले होते.

साध्या दिवशी त्या पाचला उठायच्या. साखरेचा चहा आणि दोन खारी. नऊला पुन्हा चहा. मग सात माणसांच्या आणि गड्यांच्या भाकऱ्या. सगळ्यांचं झाल्यावर, म्हणजे दुपारी दोनला, पहिलं जेवण: दीड-दोन भाकरी, भाजी, पातळ आमटी, भात. पाचला चहा. रात्री साडेनऊला आमटी-भात. आदल्या रात्रीपासून दुसऱ्या दुपारपर्यंत पोटात जायचं ते चहा, साखर आणि मैदा. प्रथिनं मोजली तर जेमतेम पस्तीस ग्रॅम. पंचावन्न किलोच्या बाईला रोज साधारण ४६ ग्रॅम हवीत, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी (तीही दाण्याचं कूट अगदी कमी घालून), रात्री भगर आणि दिवसभरात सहा चहा. त्या दिवशी प्रथिनं विसाच्या आसपास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमही प्रथिन नसतं.

एवढं कमी खाऊन वजन कसं वाढतं, असं सासूबाई पुढे एकदा मला विचारणार होत्या. कमी पडत होतं ते चांगलं अन्न. साखर आणि पिष्ट भरपूर होतं. पीसीओएसमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त इन्सुलिन सोडतं. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं, आणि त्यात अंडं असलेल्या पुटिका अर्ध्यातच वाढायच्या थांबतात. सोनोग्राफीत ज्यांना 'गाठी' म्हणतात त्या याच. वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली तरी पुष्कळ बायकांत बीज पुन्हा सुटायला लागतं. ६३ किलोच्या बाईसाठी हे तीन ते सहा किलो. ऐकायला थोडे वाटतात, पण ते उतरवायचे होते पोटाला आणखी मारून नव्हे, जास्त आणि वेळेवर खाऊन. त्या घराला हे पटवणं हीच खरी अडचण होती.

समोर असलेले पर्याय

ताईंच्या चुलत जाऊबाईंनी भाकरी-भात पूर्ण बंद करायचा आहार सुचवला होता. पनीर, तूप आणि काकडी एवढ्यावर राहायचं. वजन झपाट्यानं उतरलं असतं, नाही असं नाही. पण ज्या महिन्यात गर्भ राहू शकतो त्याच महिन्यात शरीराला उपासमारीच्या अवस्थेत ठेवणं मला धोक्याचं वाटलं. शिवाय सात माणसांच्या घरात सुनेसाठी रोज पनीर कोण आणणार? तो पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय पावडरीचा. एक डबा ताईंसाठी, एक दाजींसाठी, महिन्याला तीन हजारांवर खर्च. पुरुषांच्या डब्यावर जस्त आणि फॉलिक अॅसिड मोठ्या अक्षरांत छापलेलं. याच दोन घटकांची अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर चाचणी झाली आणि २०२० मध्ये निकाल आला: वीर्याचा दर्जा सुधारला नाही, जन्मलेल्या मुलांची संख्याही वाढली नाही. मी ते दाजींना नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आमच्या टॉनिकसारखंच. दुकानदार म्हणतो म्हणून बागेला सोडायचं." बागायतदाराला टॉनिक या शब्दाचा अर्थ वेगळ्यानं सांगावा लागत नाही.

तिसरा पर्याय दवाखान्याच्या छापील तक्त्याचा. चौथा, घरात जे शिजतं त्यातच फेरफार करण्याचा. यात वेळ जातो, घरातल्या बाकीच्यांना सामील करावं लागतं, आणि घरचं राजकारण अंगावर येतं. मी सोपा मार्ग धरला आणि तक्ता दिला.

काय केलं

तक्त्यात सकाळी ओट्स होते, अकराला पाच बदाम, दुपारी मोड आलेल्या कडधान्यांचं सॅलड, संध्याकाळी ग्रीन टी. महिन्याभराने ताई आल्या तेव्हा वजन तेवढंच आणि तक्ता पिशवीत चौघडी घालून तसाच. यावेळी सासूबाई बोलावण्याआधीच आत आल्या. "मॅडम, ओट म्हंजे घोड्याला घालत्यात तेच न्हवं? आमच्याकडं शाळू पोत्यानं पडलाय."

त्या चेष्टा करत नव्हत्या. भांडायलाही आल्या नव्हत्या. स्वयंपाकघर त्यांच्या हातातलं होतं. काय शिजवायचं, किती तेल, कोण आधी जेवणार, हे त्या ठरवायच्या. सुनेच्या हातात कागद देऊन मी त्यांच्या घरात न विचारता शिरले होते. मी तक्ता फाडला, आणि त्यांनाच विचारलं की मावशी, तुम्हीच सांगा, सकाळी सहाला हिच्या पोटात काय घालता येईल?

त्यांनी सुचवलं तेच ठरलं: रात्रीची शिळी भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी. मी त्याहून चांगलं सुचवू शकले नसते. पुढचे फेरफारही असेच त्यांच्या तोंडून काढून घेतले. खारी बंद. पातळ आमटीच्या जागी मटकी, हुलगे किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ, वाटी भरून. शाळूची भाकरी तशीच ठेवली, दुपारचा भात अर्धा केला. मेथी, शेपू, पोकळा, जे मळ्यात असेल ते रोज, वर लिंबू पिळून. पाचला फुटाणे आणि ताक. रात्रीचं जेवण आठला, त्यात अर्धी भाकरी, वरण आणि भाजी. चहा तीनावरून दोनावर, साखर निम्मी, आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नाही, कारण चहा अन्नातलं आणि गोळीतलं लोह शोषू देत नाही. जवसाची चटणी ताईंच्या माहेरी असायची, ती पुन्हा सुरू झाली. कुठल्या बिया पाळीच्या कुठल्या पंधरवड्यात खायच्या याचं एक वेळापत्रक हल्ली फिरतंय. त्याला म्हणावा तसा आधार नाही. चटणी म्हणून खावी, खुशाल.

गुळावरून मात्र वाद झाला. सासूबाईंच्या मते साखर वाईट, गूळ औषधी. डिंकाचे लाडू त्या सुनेसाठी खास करायच्या, रोज दोन. गुळात लोह असतं म्हणतात, पण पोटात गेल्यावर तो जवळजवळ साखरच. दोनाचा एक झाला, तोही आठवड्यातून तीनदा. यापुढे मी ताणलं नाही.

दूध साय काढून घ्यायचं का, हे ताईंनी विचारलं. अमेरिकेत १७ हजारांहून अधिक परिचारिकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली होती. तिच्यात वनस्पती तुपासारख्या ट्रान्स चरबीचा संबंध बीज न सुटण्याशी दिसला. सायीचं दूध रोज एखादं भांडं पिणाऱ्यांत मात्र हा त्रास कमी आढळला. ही निरीक्षणं आहेत, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण घरच्या म्हशीचं दूध पाणी घालून प्या, असं सांगण्याचं काही कारण मला दिसलं नाही. एक कप, बिनसाखरेचा, झोपताना.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ताईंनी दुपारी पहिल्या पंगतीला बसायचं. हे मी सांगितलं असतं तर झालं नसतं. सासूबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "गडी माणसं काय मरत न्हाईत अर्ध्या तासानं." दुसऱ्या दिवसापासून सुरू.

उपवासांचं काय करायचं यावर मी गप्प राहायचं ठरवलं होतं. श्रद्धेच्या आड येऊन आहारतज्ज्ञ कधी जिंकत नाही. मी फक्त वहीत दोन दिवस शेजारी शेजारी लिहिले, एक साधा आणि एक उपवासाचा, प्रत्येकापुढे प्रथिनं किती ते. सासूबाईंनी ते वाचायला लावलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच तोडगा काढला. एकादशी आणि संकष्टीला खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दूध, रताळं. गुरुवार सोडायचा. आणि सोमवार? व्रत अर्ध्यात मोडायचं नाही. "तिनं धरलंय, मी पुरं करते. घर एकच हाय."

मला ते इतकं आवडलं की मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्याकडे येतेच.

तिसऱ्या भेटीत, नोव्हेंबरात, मिश्री समोर आली. पहिल्या दिवशीच्या अर्जात 'तंबाखू खाता का' या रकान्यापुढे 'नाही' लिहिलेलं होतं, आणि ते त्यांच्या दृष्टीनं खरंच होतं. त्या दिवशी मी सहज विचारलं, दात कशानं घासता? "मिश्रीनं. दोन टाइम." तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू म्हणजे मिश्री. हिरड्यांना लावली की निकोटिन तिथूनच रक्तात जातं. गरोदरपणात तंबाखूनं बाळाचं वजन कमी भरतं, आणि ती मिश्रीच्या रूपात आहे म्हणून सुटका नाही. पण ताईंना ती सवय माहेरहून, आठवीपासूनची. सोडल्यावर पहिले आठ दिवस डोकं दुखलं, शौचाला होईना. रात्री एक चमचा जवस आणि सकाळी कोमट पाणी यावर ते निभावलं. लवंग तोंडात धरायची युक्ती त्यांची स्वतःची.

दाजी आणि त्यांची बाग

वीर्यतपासणी सप्टेंबरात सांगितली होती. दाजी म्हणाले, छाटणी उरकली की करतो. ऑक्टोबरात फळछाटणी झाली, मग डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू झाल्या, ढगाळ हवा पडली की दिवसाआड. तपासणी झाली ती जानेवारीत. शुक्राणू मिलिलिटरला १.१ कोटी, आणि सरळ पुढे पोहणारे २४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापांत खालची मर्यादा १.६ कोटी आणि ३० टक्के आहे.

तेव्हा प्रथमच दाजी माझ्यासमोर बसले. खिशात माव्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, दिवसाला चार-पाच. औषध उघड्या हातानं ढवळायचे, तोंडाला रुमाल, आणि संध्याकाळी ते कपडे ताई हातानं धुवायच्या. द्राक्षाच्या कुठल्या औषधानं किती फरक पडतो हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण शेतीतल्या रसायनांचा पुरुषबीजाशी संबंध नवा नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांना मुलं होईनात म्हणून तपासलं, तेव्हा कित्येकांचे शुक्राणू कमी होते, काहींचे तर अजिबात नव्हते.

मी त्यांना सांगत होते की शुक्राणू तयार व्हायला सत्तरहून जास्त दिवस लागतात, म्हणून आजचा अहवाल अडीच-तीन महिन्यांपूर्वीचं सांगतो. ते मध्येच म्हणाले, "म्हंजे सूक्ष्मघडनिर्मितीसारखं. एप्रिल छाटणीनंतर वेलीला जे दिलंय तेच ऑक्टोबरात घडाला दिसतं." मग ताईंच्या अडकलेल्या पुटिकांबद्दल सांगितलं तर म्हणाले, "घड जिरतोय." वेलीवर आलेला घड पुरा वाढायच्या आतच विरून जातो, त्याला बागायतदार घड जिरणं म्हणतात. मी दहा वर्षं चित्रं काढून समजावत आले, एवढं चपखल एकदाही बोलले नव्हते. आता इतर बागायतदारांना मी हेच सांगते.

त्याच तुलनेनं फॉलिक अॅसिडचंही काम झालं. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकली हे नीट लक्षात येईपर्यंतच. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याआधी सुरू हवी. पालक-मेथी खावी, पण शिजवताना त्यातलं फोलेट बरंच जातं. ताई मध्ये पंधरा दिवस गोळी विसरल्या होत्या. त्यानंतर दाजीच रोज आठवण करायला लागले, "घडनिर्मितीची गोळी घेतलीस का?"

दाजींनी हातमोजे, फवारणीचा मास्क आणि वेगळे कपडे आणले. ते कपडे आता ते स्वतः बोअरवर वेगळ्या बादलीत धुतात. मावा पाचावरून दोनावर आला.

सासूबाईंचा सोमवार

आता तो न विचारलेला प्रश्न. सासूबाईंना आठ वर्षांपासून मधुमेह होता. सकाळी साखर उतरवणारी गोळी, ग्लिमेपिराइड असलेली. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी त्यांनी नेहमीसारखी गोळी घेतली, व्रत म्हणून काही खाल्लं नाही आणि विरळणीला बागेत गेल्या. अकराच्या सुमारास घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं. ताईंनी बाटलीतल्या पाण्यात साखर कालवून पाजली. घरच्या यंत्रावर साखर मोजली ती त्यानंतर, तरी ५८. सत्तरच्या खाली गेली की धोक्याची.

दाजींचा फोन मला आला, आणि आवाज चढलेला होता. त्यांचं बरोबर होतं. मी सुनेच्या ताटातला उपवास सासूच्या ताटात जाताना पाहिला आणि त्याचं कौतुक केलं. त्या गोळ्या घेतात का, एवढंही विचारलं नाही. साखरेची गोळी घेऊन उपवास हा योग किती घरांत रोज जुळत असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी उपवासाच्या दिवशीची गोळी बदलून दिली. उरलेले सोमवार सासूबाईंनी सकाळी दूध-राजगिरा आणि संध्याकाळी जेवण असे पार पाडले. सोळाव्या सोमवारी उद्यापन केलं. मला चूरमा पाठवला होता, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. तो डबा घेऊन येताना दाजी हसले, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.

निष्पत्ती

फेब्रुवारीत ताईंची पाळी ३२ ते ३६ दिवसांवर आली. एप्रिलपर्यंत वजन ६३ वरून ५९.५, म्हणजे साडेपाच टक्के कमी. हिमोग्लोबिन ११.६. एप्रिलमधल्या दाजींच्या दुसऱ्या अहवालात शुक्राणू १.९ कोटी, पुढे पोहणारे ३३ टक्के.

यातलं किती माव्यामुळे, किती हातमोज्यांमुळे आणि किती हंगाम संपून फवारण्या कमी झाल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. वीर्याचे आकडे एकाच माणसात महिन्यागणिकही बरेच हलतात. सप्टेंबरातला, छाटणीआधीचा अहवाल हातात असता तर थोडं तरी बोलता आलं असतं.

मेमध्ये डॉक्टरांनी लेट्रोझोल सुरू केलं, बीज तयार होण्यासाठीचं औषध. दुसऱ्या चक्रात गर्भ राहिला. आहारामुळे राहिला, असं मी म्हणत नाही. कदाचित ऑक्टोबरात लेट्रोझोल दिलं असतं तर डिसेंबरातच राहिला असता. पण मग ९.४ हिमोग्लोबिनवर आणि मिश्रीवर राहिला असता.

सव्विसाव्या आठवड्यात साखरेची चाचणी १५२ आली. ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात, आणि पीसीओएसमध्ये त्याची शक्यता जास्तच असते. गोळी-इन्सुलिनशिवाय, ताटातल्या बदलांवरच ती आटोक्यात राहिली. भाकरी-उसळीची सवय आधीच लागलेली, त्यामुळे नवं फारसं शिकवावं लागलं नाही. पूर्ण दिवस भरून मुलगी झाली, २ किलो ७०० ग्रॅम.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी तिघांना आत बोलवायला हवं होतं. दाजींची तपासणी चार महिने लांबली, कारण मी आणि दवाखान्यातले सगळेच, अडचण ताईंची आहे असं गृहीत धरून वागलो. मूल न होण्यात पुरुषाचा वाटा असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि वीर्यतपासणी ही दोघांच्या सगळ्या तपासण्यांत सर्वांत स्वस्त आणि बिनत्रासाची. छाटणीचं निमित्त मी मान्य करायला नको होतं. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर सप्टेंबरात कदाचित अहवाल बरा आला असता आणि मावा, हातमोजे, कपडे यांचा विषयच निघाला नसता. हे मला अजून नीट सुटलेलं नाही.

थांबण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर डॉक्टरांचं आणि माझं आजही एकमत नाही. त्यांच्या मते जानेवारीतला अहवाल आल्यावर एप्रिलपर्यंत थांबण्याची गरज नव्हती. मला ते तीन महिने योग्य वाटतात. ताईंना विचारलं तर म्हणतात, त्या सात महिन्यांत घरात पहिल्यांदा कुणी 'कधी' असं विचारलं नाही. सगळे 'आज काय खाल्लंस' असं विचारत होते.

माझा अर्ज आता बदलला आहे. 'तंबाखू खाता का' च्या जागी 'दात कशानं घासता' असं आहे. उपवासाच्या रकान्यात दोन ओळी वाढल्या: उपवास कशासाठी धरलाय, आणि घरात आणखी कोण करतं, त्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत. आहारातून काय काय सोडलंय याचा वेगळा रकाना आहे, आणि तो मी 'काय खाता' च्या आधी भरून घेते.

मावा दोनावरच आहे. गेल्या महिन्यात बाळाला दाखवायला आले होते तेव्हा दाजींनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "खरड छाटणी होऊ द्या, मग बघू." सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पण बोलल्या नाहीत. त्यांची स्वतःची मिश्री चालूच आहे, हे मला त्याच दिवशी कळलं.